तिपाईचा शेवटचा आमदार

ब्रेनॉक, टॅराबिन आणि लाँगरीच या तीन गावांचा मिळून एकच आमदार सिडनीच्या विधानसभेत जायचा. या तीन गावांचं एकमेकांशी कशावरूनच पटायचं नाही. सरकारदप्तरी मतदारसंघाचं नाव भलं लांबलचक होतं. लोक त्याला तिपाई म्हणत, कारण तीनपैकी एक पाय नेहमी आखूड पडे. तिपाईला तीन वर्षंही झाली नव्हती, आणि तिचं मरण ठरून गेलं होतं. नवा कायदा होऊ घातला होता. पुढच्या निवडणुकीपासून ब्रेनॉकला स्वतःचा आमदार मिळणार होता, टॅराबिन खाणवाल्या जिल्ह्यात जाणार होतं आणि बिचारं लाँगरीच मेंढ्यांच्या मुलुखात.

अशात जुन्या आमदारांनी घसा बसल्याचं कारण सांगून राजीनामा दिला आणि इंग्लंडचं जहाज पकडलं. उरलेल्या एका अधिवेशनासाठी पोटनिवडणूक लागली. मढ्याला कशाला शृंगार, असं म्हणून कोणी उभंच राहायला तयार नव्हतं. मग सिडनीहून बातमी आली की नदीवरच्या पुलाचा निर्णय याच अधिवेशनात व्हायचाय. पूल एकच होणार. ब्रेनॉकच्या हमरस्त्यावर, नाहीतर लाँगरीचच्या तराफ्याच्या जागी. त्या दिवसापासून तिपाईला वेड लागलं.

लाँगरीचच्या पुलासाठी डिगोरी नॅनकिव्हेल उभा राहिला. डिगोरीचा धंदा काय, तर लाँगरीचला दोन काठांना बांधलेला दोर ओढून नदीवरचा तराफा चालवायचा. पूल झाला की पोट बुडणार ते त्याचंच. ब्रेनॉकच्या पुलासाठी पॅस्को ट्रेगेलस उभा राहिला. हा डिगोरीच्या पुतणीचा नवरा, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. आणि ही निवडणूक पार पाडायची होती डिगोरीच्या थोरल्या भावाने, म्हणजे पॅस्कोच्या सासऱ्याने, जेबेझ नॅनकिव्हेलने. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. त्या खोऱ्यात जो नॅनकिव्हेलांचा नातेवाईक नव्हता तो कालच जहाजातून उतरलेला असणार, एवढंच.

जेबेझची ब्रेनॉकला पिठाची गिरणी होती. वय झालं त्रेसष्ट, ताठ बांधा, चॅपलचा पाईक, आयुष्यात बिअरच्या थेंबाला शिवला नव्हता. तिपाई झाली तेव्हापासून निवडणूक अधिकारी तोच. त्या कामाचा त्याला कोण अभिमान. मतदानाच्या दिवशी तो पांढरी उंच टोपी घालायचा. एरवी तिला हात लावायची कोणाला परवानगी नसे.

त्या सप्टेंबरात नदीकाठच्या बाभळी पिवळ्याधमक फुलल्या होत्या. डिगोरीच्या माणसांनी त्याचाच फायदा घेतला; रिबिनी विकत घ्यायला नकोत, छातीला एकेक तुरा लावला की झाले डिगोरीवाले. पॅस्कोकडे निळ्या सॅटिनच्या रिबिनी होत्या, खास मागवलेल्या. कोर्टासमोर लाकडी मंच बांधला होता. मतदाराने पायऱ्या चढून वर यायचं, नाव-गाव-धंदा सांगायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने उमेदवाराचं नाव घ्यायचं. खाली अर्धा गाव टाळ्या वाजवी, अर्धा पिठाच्या पुरचुंड्या फेकी. पीठ जेबेझच्याच गिरणीचं होतं. दुपारपर्यंत बँडवाल्यांचे भोंगे पिठाने बुजले आणि त्यातून म्हशीच्या रेकण्यासारखे सूर निघू लागले. कोणीतरी एक डुक्कर निळ्या रिबिनी बांधून मंचावर सोडलं. जेबेझने त्याला गंभीरपणे नाव विचारलं आणि ते मतदार यादीत नसल्याचं जाहीर केलं. गाव हसून लोळलं. जेबेझ हसला नाही. त्याला ती गंमत वाटलीच नव्हती. त्याने नियम पाळला होता.

मग पॅस्को मंचावर आला. सभ्य उमेदवाराने आपलं मत प्रतिस्पर्ध्याला द्यायचं, अशी जुनी रीत होती. पॅस्को देखणा होता, त्याची वाक्यं लांब असत आणि त्याला पुढे जायचं होतं. पण मंचाखाली त्याची बायको जेनिफर उभी होती, बापाचा ताठा जसाच्या तसा घेऊन. पॅस्कोने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "डिगोरी नॅनकिव्हेल." त्याच्याच माणसांनी त्याला पीठ मारलं.

ब्रेनॉकचं मतदान संपलं तेव्हा पॅस्को बराच पुढे होता. मग टॅराबिनची गाडी आली. टॅराबिन म्हणजे डोंगरावरची तांब्याची खाण आणि खाणवाल्यांची वस्ती. गाडी हाकत होती लव्हडे, जेबेझ आणि डिगोरीची मधली बहीण. नवरा गेल्यापासून टॅराबिनला ती एकटी खानावळ चालवायची. शेजारी मतांची वही छातीशी धरून बसलेला कारकून पांढराफटक पडला होता, कारण लव्हडेने उतारावर घोडे मोकळे सोडले होते. टॅराबिनने डिगोरीला भरभरून मतं दिली होती. खाणवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: जो स्वतःच्या पोटावर पाय देणारी गोष्ट मागतोय, तो एकतर वेडा असेल नाहीतर प्रामाणिक, आणि सिडनीला दोन्हींची टंचाई आहे.

उरलं लाँगरीच.

*

लाँगरीचची वही तराफ्यावरून आली, आणि तराफा ओढत आणला डिगोरीच्या बायकोने, टॅमसिनने. डिगोरी सकाळीच ब्रेनॉकला गेला होता. नदी फुगलेली होती, त्यामुळे वही नेणाऱ्या कारकुनाने आज नको, उद्या बघू, असा धोशा लावला होता. टॅमसिनने लुगड्यासारखा घागरा खोचला, दोराला हात घातला आणि त्याला सांगितलं, बसायचं तर बस, नाहीतर वही दे.

पाणी तराफ्यावरून पायात येत होतं. टॅमसिन दोर ओढत होती आणि नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या देत होती. पहाटे लाँगरीचला पहिलं मत डिगोरीनेच दिलं होतं. शाळेच्या ओसरीत उभं राहून, छाती काढून, मोठ्याने "पॅस्को ट्रेगेलस" म्हणाला होता. लोहाराला वाटलं माणूस पिऊन आला. टॅमसिनला ठाऊक होतं की तो शुद्धीवर आहे, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. असा माणूस सिडनीला गेला तर लोक त्याच्या अंगावरचा कोटसुद्धा काढून नेतील, आणि हा वर आभार मानेल.

पण काठ जवळ आला, पलीकडची गर्दी दिसली, पिवळे तुरे हवेत हलले आणि सगळं ब्रेनॉक तिच्या नावाने ओरडू लागलं, तेव्हा ती शिव्या द्यायचं विसरली. आयुष्यात तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. शेवटचे दहाबारा हात तिने दोर असा ओढला की तराफा काठावर चढून थेट बँडवाल्यांत घुसला.

जेबेझने वही उघडली. बेरीज केली. पुन्हा केली. कारकुनाकडून करवून घेतली. मग टोपी काढली, आणि टोपी काढलेला जेबेझ लोकांनी मंचावर कधी पाहिला नव्हता, म्हणून सगळे मंचाजवळ सरकले.

"दोघांना दोनशे सात," तो म्हणाला. "सारखी."

मग जे झालं ते सांगणं कठीण आहे. निळ्यांनी पॅस्कोला घेरलं: तुझा सभ्यपणा नडला, एक मत स्वतःला दिलं असतंस तर जिंकलो असतो. पिवळ्यांनी डिगोरीला घेरलं: तुझाही नडला. दोन्हीकडून हमरीतुमरी झाली. दोन टोप्या नदीत गेल्या. शेवटी लव्हडे गाडीच्या बाकावर चढली आणि तिने सगळ्यांना समजावलं की दोघांनीही आपापलं मत स्वतःला दिलं असतं तरी आकडा हाच आला असता. लोकांना हे पटायला फार वेळ लागला. पटल्यावर इतकं हसू आलं, की मघाशी एकमेकांच्या गळ्याला हात घालून मारायला उठलेले आता गळ्यात हात घालून लव्हडेबरोबर टॅराबिनला जेवायला निघाले.

हसला नाही तो एकटा जेबेझ. कायदा त्याला पाठ होता. अधिकाऱ्याला मत नाही. मात्र दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर निर्णायक मत त्याचं. उद्या दुपारी बारापर्यंत.

आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण आयुष्यात कधी मत दिलेलंच नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलला होता तेव्हा मत देण्याइतकं घरदार नव्हतं. इथे आल्यावर घरदार झालं, तर मतदानाच्या प्रत्येक दिवशी तो मंचाच्या चुकीच्या बाजूला बसलेला. सगळ्या खोऱ्याची मतं त्याने लिहून घेतली होती. गवंड्याची, खाटकाची, ज्याला सही येत नाही त्याचीही. त्याचं स्वतःचं हे पहिलं. घरी जाताना त्याचे पाय जमिनीला नीट लागत नव्हते. बायबलात मद्याबद्दल जे लिहिलंय ते हेच असावं, असं त्याला वाटलं, आणि मग असं वाटल्याची लाज वाटली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नॅनकिव्हेल जेबेझच्या घरी न्याहारीला जमले. जेबेझची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, तेव्हापासून त्या टेबलाशी इतकी माणसं कधी बसली नव्हती. जेनिफरने केशराचे पाव केले होते, तिची आजी करायची तसे पिवळे. पाव पाहताच लव्हडे म्हणाली की हा पिवळ्यांचा प्रचार आहे. पॅस्कोने निमूटपणे दोन घेतले.

लव्हडे पहाटेच टॅराबिनहून खाली उतरली होती. तिची खानावळ इतकी भरली होती की माणसं जिन्यात झोपली होती. तिने भावाला बाजूला घेऊन सांगितलं की इतका मोठा निर्णय घाईत घेऊ नये. पुन्हा मतदान मागावं. पुढच्या महिन्यात. जमल्यास त्याच्या पुढच्याही महिन्यात. जेबेझने कायदा तसं म्हणत नाही असं सांगितल्यावर ती म्हणाली, मग पॅस्कोला दे. पूल ब्रेनॉकला झाला की रस्ता माझ्या दारावरून जातो. पॅस्कोने टेबलावरूनच, अदबीने, तिला सांगितलं की नकाशात तो रस्ता तिच्या दारापासून बराच लांब वळतो. लव्हडेने चहा संपवला, खिडकीबाहेरच्या बाभळीची एक डहाळी तोडून आणली आणि छातीला लावली.

मग जेनिफर. तिने वडिलांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. हातावर पीठ होतं आणि डोळे बापासारखेच न लवणारे.

"बाबा, मी आडून बोलणार नाही," ती म्हणाली. "मला सिडनीला जायचंय. मला पुन्हा समुद्र बघायचाय. इथे आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तुम्ही मला बोटीवरून थेट बैलगाडीत टाकलंत. पॅस्को निवडून आला तर मी त्याच्याबरोबर जाईन."

"एका अधिवेशनासाठी?"

"एका अधिवेशनासाठी. मला तेवढंही चालेल."

जेबेझला तिला हो म्हणायचं होतं. तिला नाही म्हणणं त्याला जमत नसे. मागच्या साली पॅस्कोशी लग्नालाही जमलं नव्हतं. त्यात पूल ब्रेनॉकला झाला तर गिरणी दुप्पट चालणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. सगळं गाव म्हणणार होतं की जेबेझने लेकीला आणि गिरणीला मत दिलं, आणि कोणी नावंही ठेवणार नव्हतं, कारण कोणीही तेच केलं असतं. तो एवढंच म्हणाला की दुपारपर्यंत मी तुझा बाप नाही, अधिकारी आहे. जेनिफर म्हणाली की तिला त्या दोघांतला फरक लहानपणापासून कधी कळला नाही, आणि पाव काढायला आत गेली.

टॅमसिनने कोठीच्या खोलीत त्याला अडवलं, पिठाच्या पिंपाशेजारी. दोराने तिचे तळवे सोलले होते. त्यांना तिने लोणी फासून फडकी बांधली होती.

"त्याला देऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली.

जेबेझला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"डिगोरीला देऊ नका. पूल झाला की तराफा गेला. मग तो काय करणार? तुम्ही रिकामा बसलेला डिगोरी बघितला नाहीत, जेबेझ. मी बघितलाय, पाय मोडला होता तेव्हा. भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला तसा नवरा नकोय. पुलाने काय माझा झॅकी परत येणाराय?"

झॅकी तिचा धाकटा भाऊ. गेल्या हिवाळ्यात लोहाराची बायको अडली होती. पुरात दोर तुटला होता. डिगोरी आणि झॅकी डॉक्टरला होडीतून घेऊन आले, मूल वाचलं, बाई वाचली. डॉक्टरची पेटी पलीकडे राहिली होती, ती आणायला झॅकी एकटा परत गेला. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

जेबेझने तिच्या हातांकडे पाहिलं. तो म्हणाला की काल तराफा फार छान आणलास. टॅमसिनने फडक्यानेच डोळे पुसले आणि म्हणाली, हो, आणला खरा, बँडवाल्यांनाच विचारा. आणि दोघंही कोठीत उभ्या उभ्या हसायला लागले. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

टेबलाशी परत येऊन जेबेझने जावयाला सरळ विचारलं. भाषण नको, एका वाक्यात सांग, पूल कुठे हवा?

पॅस्कोने रुमालाने तोंड पुसलं. त्याचे कान लाल झाले. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असावं, पण समोर चुलतसासरा डिगोरी पाव चहात बुडवून खात होता, शांतपणे.

"गरज लाँगरीचला आहे, मिस्टर नॅनकिव्हेल," तो म्हणाला. "फायदा ब्रेनॉकला आहे. फायद्याच्या बाजूने उभं राहणं हे काही पाप नाही."

"नाही," जेबेझ म्हणाला. "पाप नाही."

सगळ्यांचं आपापलं सांगून झालं होतं. एकट्या डिगोरीने अवाक्षर काढलं नव्हतं. तो तिसरा पाव खात होता. जेबेझला ते खुपायला लागलं. काल संध्याकाळपासून अख्खं खोरं त्याच्याशी गोड बोलत होतं. ज्याने कधी रामराम केला नव्हता त्या न्हाव्यानेही फुकट दाढी करायची तयारी दाखवली होती. आणि ज्याला त्याच्या मताची सगळ्यात जास्त गरज, तो खातोय.

"तुला काहीच मागायचं नाही?" त्याने भावाला विचारलं.

डिगोरीने तोंडातला घास संपवला. "मी कशाला मागू? तुझं मत आहे."

"सगळ्यांनी मागितलं."

"मागू देत की. माझं पहिलं मत होतं ना, अडीच वर्षांपूर्वी, तेव्हा लाँगरीचकरांनाही इथेच यावं लागायचं. दोन्हीकडचे माझ्या मागे होते. एकाने बिअर पाजली, दुसऱ्याने कोंबडी दिली. मी दोन्ही घेतलं. मग तुझ्या त्या पायऱ्या चढलो आणि वर आल्यावर माझा आवाजच फुटेना. तू समोर बसला होतास टोपी घालून. मला ओळखतच नाहीस असं तोंड करून नाव विचारलंस."

"तसा नियम आहे."

"आहे ना. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, धंदा सांगितला. असं वाटलं, च्यायला, कोणीतरी विचारतंय मला. सरकारचा माणूस नाही, जमीनदार नाही, मी." डिगोरी हसला. "कोणाला दिलं ते विसरलोय बघ. पण खाली उतरताना दोन पायऱ्या चुकल्या, ते आठवतंय. तू ते कर, जेबेझ. नीट कर. मजा येते. मग माझं काय व्हायचं ते होईल."

टॅमसिन नवऱ्याकडे पाहत राहिली. या माणसाला आपण भिंतीकडे तोंड करून बसू देणार नाही, पूल असो की नसो, एवढं तिने तेव्हाच ठरवून टाकलं. कोणाला सांगितलं मात्र नाही.

*

बाराच्या आधी कोर्टासमोर तिन्ही गावं उभी होती. इतकी माणसं तिपाईच्या एकाही निवडणुकीला आली नव्हती. घरांच्या छपरांवर पोरं, झाडांवर खाणवाले. बँडने रात्रभर भोंगे धुतले होते आणि आता तो एका वेळी दोन वेगळी गाणी वाजवत होता, एक निळं, एक पिवळं.

जेबेझ मंचावर आला, टोपी घालून, आणि खुर्चीत बसला. कारकुनाने त्याच्यापुढे कागद सरकवला. नुसतं नाव लिहून सही केली असती तर चाललं असतं. जेबेझ कागदाकडे पाहत बसला. मग तो उठला. टोपी काढून खुर्चीवर ठेवली, मंचाच्या पायऱ्या उतरून खाली गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

लोकांना वाटलं म्हातारा पळाला.

तो पायऱ्यांच्या तळाशी उभा होता, जिथून मतदार यायचे तिथे. तो वर चढू लागला. बोडक्या डोक्याचा जेबेझ फार लहान दिसत होता. कारकून गोंधळून उभा राहिला. जेबेझने त्याला दबक्या आवाजात सांगितलं, "विचार की."

"नाव?" कारकून म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"जेबेझ नॅनकिव्हेल."

"गाव?"

"ब्रेनॉक."

"धंदा?"

"गिरणीवाला."

"मत कोणाला?"

आणि डिगोरी म्हणाला होता तसंच झालं. आवाज फुटेना. खाली जेनिफर उभी होती, समुद्र डोळ्यांत घेऊन. तिच्या शेजारी पॅस्को, उत्तर आधीच कळल्यासारखा. लव्हडे पिवळा तुरा लावून, खिशात निळी रिबीन ठेवून. जेबेझच्या मनात गिरणी आली, लेक आली, फडकी बांधलेले दोन हात आले. आणि मग हे सगळं बाजूला झालं आणि उरली ती एकच गोष्ट, की हा प्रश्न मला विचारलेला आहे.

"डिगोरी नॅनकिव्हेल," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने, की स्वतःच दचकला.

आधी टॅमसिन ओरडली. कोठीतलं सगळं विसरून, दोन्ही फडकी हवेत नाचवत. मग तिन्ही गावं. पीठ उडालं, बाभळीच्या डहाळ्या उडाल्या, बँडने दोन्ही गाणी सोडून तिसरंच धरलं. खाणवाले झाडांवरून उतरले आणि त्यांनी नॅनकिव्हेलला खांद्यावर उचललं, पण गर्दीत चुकून थोरल्याला. कोणीतरी ओरडून सांगितलं की हा नाही, दुसरा. पण तोवर मिरवणूक चालू पडली होती आणि जेबेझ इतका हसत होता की त्याला खाली ठेवायला कोणाचं मन होईना. मंचावरून आमदार डिगोरी नॅनकिव्हेल भावाची पांढरी टोपी उचलून मागून चालत गेला, टोपी पिठापासून जपत. पॅस्कोने गर्दीतून वाट काढत त्याच्याशी सगळ्यांत आधी हात मिळवला. त्या हस्तांदोलनामुळेच पुढे पॅस्कोचं नाव झालं असं लव्हडे म्हणायची.

जेनिफर नाताळपर्यंत बापाशी बोलली नाही. आली, पाव भाजले, ठेवले, गेली. जेबेझने ते सोसलं. रात्री त्याला वाईट वाटे, पण सकाळी उठल्यावर पुन्हा पाय जमिनीला लागत नसत. लव्हडे म्हणे, याला एका मताची नशा महिनाभर पुरली, आमच्या गिऱ्हाइकांना शिकवा कोणीतरी.

डिगोरी सिडनीला गेला. विधानसभेत दोनदा बोलला. पहिल्यांदा आवाजच पोचला नाही. दुसऱ्यांदा त्याने झॅकीची हकीकत सांगितली, काही न वाढवता, आणि खाली बसला. पूल लाँगरीचला मंजूर झाला. पहिला खांब उभा राहण्याआधीच नवा कायदा आला आणि तिपाई मोडली. तिन्ही गावांना तेव्हा कळलं की भांडायला एकमेकांसारखं कोणी नाही. टॅमसिनने नवऱ्याला भिंतीकडे बसू दिलं नाही. पुलाला लागणारं सगळं लाकूड नदीतून वाहून आणायचा ठेका दोघांनी घेतला, आणि तराफा तीन वर्षं कधी नव्हता इतका चालला.

नव्या निवडणुकीला ब्रेनॉकचा स्वतंत्र आमदार निवडायचा होता. पॅस्को उभा राहिला. त्याच्यासमोर मेथडिस्ट चॅपलचे, जेबेझच्याच बाकावर बसणारे एक गृहस्थ उभे राहिले. अधिकारी म्हणून जेबेझलाच विचारणा झाली. त्याने कळवलं की वयोमानाने झेपत नाही. मतदानाच्या दिवशी पहाटे तो रांगेत सगळ्यात पुढे उभा होता, साध्या टोपीत.

पण आता मंच नव्हता. नव्या कायद्याने मत गुप्त केलं होतं. हातात छापील कागद घ्यायचा, पडद्याआड जायचं, नको असलेलं नाव खोडायचं, घडी घालून पेटीत टाकायचं. नाव मोठ्याने घ्यायचं नाही, पीठ नाही, बँड नाही. म्हाताऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही. जेबेझ पडद्याआड गेला तो बराच वेळ बाहेरच येईना. मागची रांग खोकायला लागली. आला तेव्हा चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

पॅस्को चांगला पुढे राहून निवडून आला. जेनिफरने ट्रंका भरल्या. निघायच्या आदल्या दिवशी सगळे पुन्हा त्याच टेबलाशी जमले. डिगोरी आणि टॅमसिन अंगाला लाकडाच्या भुशाचा वास घेऊन आले, लव्हडे सिडनीहून काय काय आणायचं ते सांगत होती. जेनिफर बापाच्या खुर्चीशेजारी येऊन बसली. तिने हळूच विचारलं,

"बाबा, या वेळी तरी पॅस्कोला दिलंत ना?"

पॅस्कोने चहाचा पेला अर्ध्यावर धरला. लव्हडे पुढे वाकली. डिगोरी गालातल्या गालात हसत होता.

जेबेझने पावाला नीट, कडेपर्यंत लोणी लावलं. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, लहान पोरासारखं, आणि म्हणाला,

"सांगणार नाही."